न सापडलेली चीर

चैत्रात पुण्यात चारच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटतो. दिवसभर भाजून निघालेलं शहर तेवढ्यापुरतं सैल होतं, गॅलरीतले कपडे दोरीवर धडपडायला लागतात, आणि लोक म्हणतात, चला, संध्याकाळ तरी बरी जाईल. मला त्या वाऱ्याने बरं वाटत नाही. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या खिडक्या उघडत नाहीत, आतल्या थंडीला ऋतू ठाऊक नाही, तरी चार वाजले की माझा पाय टेबलाखाली हलायला लागतो. समोरच्या इमारतीवर तीन झेंडे आहेत. सकाळपासून ते मान टाकून उभे असतात. आधी मधला मान उचलतो, मग बाकीचे दोघे. तिन्ही ताणून एका दिशेला झाले की मी कामाकडे बघणं सोडून त्यांच्याकडे बघत राहते. शेजारी बसणारी नवी मुलगी एकदा म्हणाली, मॅडम, बाहेर काही झालंय का? काहीच झालेलं नव्हतं. वारा आला होता, आणि मी जमिनीवर होते.

गेल्या सोमवारी नेमका त्याच वेळेला फोन वाजला. रोशनीचा होता. रोशनी माझ्या कॉलेजच्या होडीच्या संघातली, माझ्या एक वर्ष मागे. आता लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजात मुलींना खेळ शिकवते. मूळची यवतमाळकडची. इतकी वर्षं पुण्यात काढूनही आनंद झाला की तिची जीभ गावाकडे पळते.

"ताई, आपली बोट भेटली," ती म्हणाली. "शेडमधी तशीच पडून होती वं."

आमच्या जुन्या कॉलेजकडून तिने ती होडी मागून घेतली होती. सहा मुली जमवल्या होत्या. धरणावर पुन्हा सराव सुरू करायचा तिचा बेत होता. फक्त त्याआधी होडीची चीर शोधायला हवी होती. त्यासाठी शनिवारी आम्हाला होडी शिकवणारे कदम सर येणार होते, तेव्हा ताईनेही यावं. मी येते म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ त्या झेंड्यांकडे बघत बसले. कारण ती चीर शनिवारी सापडणार नव्हती. ती अकरा वर्षांपूर्वीही सापडली नव्हती. चीर नव्हतीच, आणि हे जगात माझ्या एकटीला ठाऊक होतं.

पुण्यात होडीचा संघ, हे सांगितल्यावर आजही लोक आधी हसतात. तेव्हा तर कॉलेजच्या जिमखान्याचे कारकून मान वर न करता म्हणाले होते, "समुद्र आणलात का? नाही ना? मग आणा आणि या." अर्जावर सही मिळवायला आम्हाला दोन महिने लागले. कागदावर संघात दहा जणी होत्या. सरावाला चार यायच्या, आणि परीक्षा जवळ आली की दोन, म्हणजे रोशनी आणि मी. होड्या दोन होत्या. त्यातल्या एकीचे भाग काढून काढून दुसरी जिवंत ठेवलेली होती. दोन माणसांची, निळ्या शिडाची, फायबरची होडी. एकीने मागे बसून सुकाणू धरायचं, दुसरीने पुढे बसून लहान शीड सांभाळायचं आणि होडी कलली की अंग बाहेर टाकून तिला सरळ ठेवायचं.

घरी मी लायब्ररीत जाते असं सांगायचे. पंधरा दिवस आई काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी माझ्या सोललेल्या नाकाकडे बघत तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या लायब्ररीला छप्पर नाही वाटतं?" मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली, अबोला धरला, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात चार जणींना पुरतील इतक्या पोळ्या भरल्या. आईपुढे खरं बोलायला मला कधी जड गेलं नाही. मग पुढे त्या होडीतच काय अडलं, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे.

त्या मोसमाची एक गंमत होती. वारा आणि परीक्षा दोन्ही एकाच वेळी यायच्या. मार्च-एप्रिलमध्ये चारचा वारा जोर धरायचा आणि त्याच महिन्यांत पेपर. दुपारी एकला स्वारगेटहून बस धरायची, उभ्याने नोट्स वाचायच्या, खडकवासल्याच्या पुढे उतरून काठाने चालत जायचं. रविवारी इकडे भज्यांच्या गाड्या आणि कणसांचा धूर असतो, पण आम्ही जायचो तो मागचा काठ ओसाड होता. धरणाचं पाणी उन्हाळ्यात रोज थोडं मागे सरतं. मार्चच्या सुरुवातीला शेडपासून पाणी शंभर पावलांवर असायचं, एप्रिलअखेर पाचशे. त्या मधल्या चिखलातून होडी न्यायची. दोन चाकांचा गाडा होता, त्याचं एक चाक कायम वाकडं. पेपर जसे जवळ यायचे तसं पाणी लांब जायचं, आणि आम्ही चिखलात गुडघाभर रुतून हसत सुटायचो. वाळलेल्या चिखलाचा तो वास, तळव्यांना टोचणारे शिंपले, ओल्या दोराने सोललेली बोटं आणि त्याच बोटांनी दुसऱ्या दिवशी लिहिलेले तीन तासांचे पेपर. अजूनही जाहिरातीत कुठे निळं शीड दिसलं की माझी बोटं आधी चुरचुरतात आणि मन नंतर जागं होतं.

रोशनी पहिल्यांदा आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. अर्जावर तिने तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, अगं, मग होडीत कशाला येतेस? तर ती म्हणाली, "पोहता येत नाही म्हनून तर होडी पाहिजे ना, ताई." कदम सरांनी तिला महिनाभर तलावावर पोहायला धाडलं आणि मगच होडीला हात लावू दिला. कदम सर धरणाजवळच्याच गावचे. लष्करातून निवृत्त झालेले, होड्या लष्करातच शिकलेले. लूनावरून यायचे, काठावर एक उलटी बादली ठेवून तिच्यावर बसायचे आणि हाताचा भोंगा करून ओरडायचे. कौतुक करायची त्यांची एकच पद्धत होती. ते ओरडायचे थांबायचे.

दुसऱ्या महिन्यात एकदा ते असेच थांबले. रोशनीच्या हातात सुकाणू होतं. ती वाऱ्याकडे बघायची नाही, मानेवर घ्यायची. कुठून झुळूक येणार हे तिला पाण्यावर सुरकुती उठायच्या आधी कळायचं. कदम सरांनी मला बोलावून सांगितलं, "मीनल, तू आता फुडं बस. सुकान तिच्याकडं राहू दे." मी हो म्हणाले. सुकाणू दीड वर्ष माझ्याकडे होतं. मनात काय झालं ते तेव्हा कुणाला दिसलं नाही, मलाही मी फारसं बघू दिलं नाही. पण आज सांगायचंच तर सगळं सांगते. मला ते लागलं होतं.

मोठं शीड एका वादळी संध्याकाळी उभं फाटलं. जिमखान्याकडे नवं मागणं म्हणजे पुन्हा दोन महिने. तेव्हा कुणीतरी आम्हाला स्वारगेटच्या अलीकडे रशीदचाचांच्या दुकानात पाठवलं. चाचा रिक्षांची हूडं शिवायचे, टेम्पोच्या ताडपत्र्या शिवायचे. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या होत्या आणि त्यांचं मराठी आमच्या मराठीच्या बाईंइतकं शुद्ध होतं. त्यांनी ते निळं कापड दुकानाबाहेर फुटपाथवर अंथरलं, चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शिवून देतो. वारा मात्र आपला आपण बघा." फाटलं होतं तिथे त्यांनी रिक्षाच्या हुडाचा काळा पट्टा लावला, दुहेरी शिलाई घातली. निळ्यावर तो काळा पट्टा लांबून दिसायचा. बाकीच्या संघांनी आमच्या होडीचं नाव रिक्षा ठेवलं आणि आम्ही ते लावून घेतलं. चाचांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. वारा भरलेल्या शिडाचा एक फोटो आणून दाखवा, शिलाई कुठे ताण घेते ते बघायचंय. आम्ही म्हटलं, निवड स्पर्धेनंतर आणतोच.

आता बुचाबद्दल सांगायला हवं.

आमच्या होडीच्या तळाला दोन थर होते आणि मधे पोकळी. त्या पोकळीत थोडं पाणी झिरपतंच. ते काढून टाकायला मागच्या फळीला अगदी खाली अंगठ्याएवढं भोक असतं आणि त्याला रबरी बूच. होडी काठावर आली की बूच काढायचं, पाणी वाहू द्यायचं. होडी पाण्यात घालण्याआधी बूच लावायचं. विसरलं तर होडी लगेच बुडत नाही, हाच त्यातला धोका. पोकळी हळूहळू भरते आणि होडी जड होत जाते, बसणाऱ्याला कळतसुद्धा नाही. म्हणून कदम सरांनी शिस्त लावली होती. बूच जी काढेल तिने ते दोरीत ओवून गळ्यात घालायचं आणि पुढच्या वेळी तिनेच लावायचं. पुढे बसणारीचं ते काम. आणि होडी ढकलण्याआधी सुकाणूवालीने विचारायचं, "बूच?" पुढचीने उत्तर द्यायचं, "लावलं." "उत्तर तोंडानं द्यायचं," सर म्हणायचे. "मान हालवायची न्हाई." आम्ही ते शेकडो वेळा म्हटलं असेल. बूच? लावलं. पुढेपुढे तो प्रश्नही राहिला नव्हता आणि ते उत्तरही. चपला काढून देवळात शिरावं तसं झालं होतं.

निवड स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पेपर होता. काठावर बसून मी शेवटच्या मिनिटापर्यंत नोट्स वाचत होते. त्या स्पर्धेत पहिल्या दोन होड्यांत येणाऱ्यांना देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जायचं होतं. माझं ते शेवटचं वर्ष होतं. जिमखान्याने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, या वेळी काही करून दाखवा, नाहीतर हे पाण्यातले खेळ बंद. नऊ होड्या होत्या. चार वाजायला आले, वारा आला, सगळ्यांची एकदम घाई झाली. मी वही पिशवीत कोंबली, लाइफ जॅकेट चढवलं, धावत पाण्यात शिरले. रोशनीने विचारलं, "बूच?"

"लावलं," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. इतकं मी कुणाहीपुढे छातीवर हात ठेवून सांगेन. तोंडाला सवय होती, तोंड बोललं.

पहिल्या फेरीत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. रिक्षाचा काळा पट्टा डोक्यावर ताणलेला, खाली पाण्याचा सळसळ आवाज, मागे रोशनी वऱ्हाडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती आणि काठावर कदम सर ओरडायचे थांबले होते. इतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही. दुसऱ्या फेरीत होडी वळायला उशीर करू लागली. रोशनी म्हणाली, जड का वाटतंय? मी म्हटलं, वारा पडतोय. मग अंग बाहेर टाकताना छातीला जॅकेटच्या आत काहीतरी कडक टोचलं. मी हात घातला. बूच माझ्या गळ्यात होतं.

त्यानंतरची मिनिटं मी पुन्हा पुन्हा मोजली आहेत. सांगितलं असतं तर? रोशनीने होडी वाऱ्यात उभी केली असती, मी मागे वाकून पाण्यात हात घालून बूच ठोकलं असतं, दोन मिनिटं गेली असती. आत आलेलं पाणी तसंच राहिलं असतं, पण आणखी तरी आलं नसतं. कदाचित दुसऱ्या आलो असतो, कदाचित चौथ्या. मी काहीच बोलले नाही. आधी वाटलं, एवढ्यात शेवट येईल. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती. जिच्याकडे माझं सुकाणू गेलं, तिच्यासमोर मला माझ्या तोंडाने चूक कबूल करायची नव्हती. एकामागून एक होड्या आमच्या बाजूने गेल्या. रोशनी रडकुंडीला आली होती. "माझंच काहीतरी चुकून राहिलं, ताई," ती म्हणत होती. मी म्हटलं, नाही गं. इतकंच म्हटलं.

आम्ही पाचव्या आलो. कंबरभर पाण्यात मी आधी उडी मारली, होडीच्या मागे गेले आणि पाण्याखाली हात घालून बूच बसवलं. ते खोटं होतं. काठावर कदम सरांनी सांगितलं, काढ बूच. मी सगळ्यांसमोर ते काढलं. पाणी वाहायला लागलं ते थांबेचना. सर वाकून बघत राहिले. "येवढं पानी?" ते म्हणाले. "चीर गेली हाय कुठंतरी." माझ्या खोट्याला त्यांनीच नाव दिलं आणि मी ते राहू दिलं.

पुढचे आठ दिवस ते चीर शोधत होते. होडी उलटी करून टायरांवर ठेवली. बुचाच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यातून पंपाने हवा भरायची, बाहेरून साबणाचं पाणी फासायचं, जिथे बुडबुडा फुगेल तिथे चीर. ते बोटाने फेस पसरवत इंच इंच पुढे सरकायचे, कान लावायचे. मला पेपर होते, मी गेले नाही. चौथ्या दिवशी गेले आणि झाडामागून बघून परत आले. जिमखान्याने त्यांच्याकडून लेखी मागितलं, होडी सुरक्षित आहे का? कदम सर नियमाचे पक्के. त्यांनी लिहून दिलं की पाणी कुठून आलं ते सापडलं नाही. तेवढं पुरे होतं. होडी शेडमध्ये गेली, संघ बंद झाला. मी पास होऊन बाहेर पडले. रोशनीचं एक वर्ष बाकी होतं. ते वर्ष तिने काठावर काढलं.

हे सगळं झाल्यावर माणूस विसरतो असा माझा समज होता. नोकरी लागली, लग्न झालं, हिंजवडीच्या वाहतुकीत दिवसाचे तीन तास घालवायची सवय झाली. स्वारगेटवरून जाताना मात्र मी रशीदचाचांच्या दुकानाची बाजू टाळत आले. घर तीनदा बदललं, दर वेळी बरंच काही टाकून दिलं, पण शिवणाच्या डब्यातलं ते बूच टाकवलं नाही. आणि दर चैत्रात हा वारा. उन्हाळा सरून पाऊस लागला की मी माणसात येते, घरच्यांनाही आता ते कळलेलं आहे. नवरा म्हणतो, तुला उन्हाळा सोसत नाही. मी हो म्हणते.

सोमवार ते शनिवार मी रोशनीला सात वेळा फोन लावला आणि सातही वेळा दुसरंच काही बोलले. एकदा विचारलं, पाण्याच्या बाटल्या आणू का? मंगळवारी ती म्हणाली, शीड घेऊन रशीदचाचांकडे गेली होती. आता मुलगा दुकान बघतो, चाचा मागे खुर्चीत बसून असतात. त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, आपली शिलाई ओळखली आणि म्हणाले, फोटो आणणार होतात ना? बुधवारी मी बूच बाहेर काढलं. रबर वाळून कडक झालं होतं. वाटीत खोबरेल तेल घेऊन त्यात घातलं. दोन दिवसांत ते पुन्हा मऊ झालं, बोटाने दाबलं की दबायला लागलं. का करतेय हे, ते मला कळत नव्हतं. कळतही होतं.

शनिवारी गेले. पाणी पाचशे पावलांवर होतं. शेडच्या सावलीत होडी टायरांवर उलटी ठेवलेली, तिच्याभोवती सहा मुली, आणि मधे प्लास्टिकच्या स्टुलावर कदम सर. फार म्हातारे दिसले. गुडघे धरत नाहीत म्हणून रोशनीने स्टूल आणलं होतं. पुढे साबणाच्या पाण्याची बादली. त्यांनी मला ओळखलं, आली का म्हणाले आणि माझ्या हातात सायकलचा पंप दिला. "तू हवा मार. मी बघतो."

मी हवा मारली. ते फेस फासत गेले, डोळे बारीक करून बघत गेले. मुली दम धरून उभ्या होत्या. एका जागी त्यांनी कान लावला आणि माझ्याकडे बघून हाताने खूण केली, जोरात. मी जोरात मारली. भर उन्हात तो म्हातारा माणूस नसलेला आवाज ऐकत होता. माझे हात थांबले.

"सर, चीर नाहीये," मी म्हणाले.

"आसंल. बारीक आसंल."

"नाहीये. तेव्हाही नव्हती." मी गळ्यातून दोरी काढली. त्या दिवशी सकाळी मी ती गळ्यात घालूनच निघाले होते. "बूच माझ्या गळ्यात होतं. मी लावलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत मला कळलं आणि मी सांगितलं नाही."

त्यांनी बुचाकडे बघितलं, मग स्वतःच्या फेसाळलेल्या हाताकडे. म्हणाले, "मी आठ दिवस हितं..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मग विचारलं, "मी लिहून दिलं हुतं ना, कारन सापडलं न्हाई म्हणून?"

"तुम्ही खरं लिहिलं होतं, सर."

"हां," ते म्हणाले. "मी खरंच लिवलं हुतं." ते गुडघा धरून उठले आणि पाण्याच्या दिशेने थोडे चालत जाऊन पाठमोरे उभे राहिले. ते काहीतरी लागेल असं बोलतील, याची माझी तयारी होती. त्या पाठीची नव्हती.

रोशनी होडीच्या दुसऱ्या बाजूला होती. ती ओरडली नाही, जवळही आली नाही. होडीवरचा फेस फडक्याने पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "मले वाटलं माझा हात जड आहे. सुकाणूवर. सर चीर म्हणाले तरी मनातून ते गेलं नाही. आत्ता या पोरींना पहिल्या दिवशी मी काय शिकवलं, माहीत आहे? हात हलका ठेवा, माझ्यावानी करू नका." तिने फडकं पिळलं. "अकरा वर्षं, ताई."

मला रडू आलं, पण ते तिथे शोभलं नसतं म्हणून गिळलं. मी फक्त म्हणाले की तुझा हात कधीच जड नव्हता. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. मुली एकमेकींकडे बघत होत्या. त्यांना पुरतं समजलं नसावं, पण काहीतरी मोडलंय हे समजलं होतं. एवढ्यात शेडचा पत्रा वाजला. चारचा वारा आला होता.

पाण्याकडून कदम सरांचा आवाज आला, हाताचा भोंगा करून, तसाच. "वारा हाय. बोट धड हाय. मग हुब्या काय ऱ्हायलाय?"

मुलींनी होडी सरळ केली, गाड्यावर चढवली. चाक अजून वाकडंच होतं. आम्ही आठ जणींनी ती चिखलातून ओढत नेली. डोलकाठी उभी राहिली, शीड वर चढलं, काळा पट्टा वाऱ्यात फडाफडा वाजायला लागला. रोशनीने आपला फोन एका मुलीकडे दिला, चाचांसाठी फोटो काढ म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पुढे बस."

गुडघाभर पाण्यात मी मागच्या फळीशी वाकले, बूच भोकात घातलं, तळहाताने दाबलं, फिरवून घट्ट केलं. ते बसलं. मी पुढे जाऊन होडीची कड धरली.

"बूच?" रोशनीने विचारलं.

"लावलं," मी मोठ्याने म्हणाले.

तिने सुकाणू सोडलं. पाण्यातून चालत होडीच्या मागे गेली, वाकली आणि पाण्याखाली हात घालून बोटाने चाचपून बघितलं. नीट, सावकाश. मग परत येऊन आपल्या जागी बसली, सुकाणू हातात घेतलं आणि म्हणाली, "चल."